जयाच्या छातीवरचा डबा

मी एक जुना डबा आहे, असे मी लोकांच्या तोंडून ऐकले आहे. स्वतःला मी कधी पाहिलेले नाही, कारण मला डोळे नाहीत. मित्रांनो, मला फक्त ऐकता येते. ऐकलेले मोठे करायचे आणि एका वायरीतून कानातल्या बटणाकडे पाठवून द्यायचे, एवढेच माझे काम. ऐकलेल्याचा अर्थ काय, हे मला कोणी शिकवले नाही. म्हणून माझे निम्मे आयुष्य गोंधळात गेले आणि उरलेले निम्मे, नेमका काय गोंधळ झाला होता ते समजून घेण्यात.

कागदोपत्री माझे नाव श्रवणयंत्र. मुलांच्या आया मला मशीन म्हणत. पण शाळेतल्या बाई सकाळच्या घाईत ओरडत, "डबा लावला का रे सगळ्यांनी?" आणि तेच नाव मला चिकटले. आकाराने मी काडेपेटीहून जरा मोठा आहे म्हणतात. कापडी पिशवीत घालून मला मुलांच्या छातीवर बांधतात.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. जन्मल्याबरोबर 'टूंऽऽ' असा एक लांबलचक आवाज आला, कोणीतरी "ओके" म्हणाले आणि माझा सेल काढून घेतला. सेल काढला की मी असून नसल्यासारखा. त्यानंतर जे ऐकले ते एकदम टाळ्या! बोरिवलीला एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर मूकबधिर मुलांची शाळा भरत असे. त्या शाळेला कुठल्याशा मंडळाने माझ्यासारखी आठ यंत्रे भेट दिली होती. भाषणे झाली, फोटो झाला, पुन्हा टाळ्या झाल्या. मला वाटले, मी काहीतरी फार मोठे काम केले असले पाहिजे. काय केले ते मात्र कळेना. मग मला कपाटात ठेवून दिले आणि तीन महिने कोणी विचारले नाही.

एकोणीसशे पंच्याऐंशीच्या जूनमध्ये कपाट उघडले. माझ्यात सेल पडला आणि एक कोवळा, घाबरलेला आवाज ऐकू आला.

"सर, कुठून सुरुवात करू?"

"सेलपासून करा," दुसरा आवाज म्हणाला. "अर्धे गेलेले असतात. रोज सकाळी सेल तपासायचे. ते झालं की मग शिकवायचं बघू."

हा दुसरा आवाज मुख्याध्यापक विद्याधर सरांचा. पहिला सुगंधाबाईंचा. सुगंधाबाई तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. अशा मुलांना शिकवण्याचा एक वर्षाचा कोर्स नुकताच पुरा करून त्या आल्या होत्या आणि ही त्यांची पहिलीच नोकरी होती, तीसुद्धा तात्पुरती. त्यांचे वडील दत्ताराम गिरणीत विणकर होते. संपानंतर गिरणी बंद पडली आणि हे कुटुंब लालबाग सोडून कांदिवलीच्या एका चाळीत आले. मागांच्या खडखडाटात दत्तारामांचे कान गेले होते. घरात सगळे ओरडूनच बोलत. "मी लहानपणापासून ओरडतेच आहे, मग म्हटलं त्याचाच पगार घेऊ," असे सुगंधाबाई हसत सांगत. पण त्यांचे हसणे पहिल्या आठवड्यात फारसे ऐकू आले नाही. कोर्सच्या वहीत लिहिले होते तशी एकही गोष्ट वर्गात घडत नव्हती. त्या स्वतःशीच पुटपुटत, "आता काय करू? आता काय करू?" मी तेही इमानाने मोठे करून वायरीत ढकलत असे.

मला ज्या मुलीच्या छातीवर बांधले तिचे नाव जया. सहा वर्षांची, चारकोपच्या कोळीवाड्यातली. तिचा बाप जयवंत बोटीवर जाई. आई मालन बोरिवलीच्या बाजारात मासळी विकायला बसे. जाताना जयाला शाळेत सोडायची आणि दुपारी रिकामी पाटी घेऊन न्यायला यायची. माझ्यासाठी पिशवी मालननेच शिवली, स्वतःच्या जुन्या लुगड्याची.

पहिले काही दिवस मला काय ऐकू आले म्हणाल, तर त्या लुगड्याची खसखस. जया जरा हलली की माझ्या कानाशी वादळ उठे. आणि त्या खसखशीच्या मागून सारखे 'धड धड, धड धड' असे काहीतरी चाले. मला वाटले, माझ्यातच बिघाड आहे. ती जयाच्या काळजाची धडधड होती, हे मला फार उशिरा कळले.

मी पाठवलेला आवाज जयाला मुळीच आवडला नाही. सहा वर्षे जिने काहीच ऐकले नाही तिच्या कानात मी एकदम पंखा, बाकांची खरखर, वीस पोरांचा कल्लोळ ओतू लागलो. तिला त्यातले काय कळणार? मलाही कळत नव्हते. ती रडायची, कानातले बटण ओढून काढायची. बटण सैल झाले की माझाच आवाज माझ्याकडे परत येतो आणि मी शिट्टी मारतो. वर्गभर ती कर्कश शिट्टी घुमली की सुगंधाबाई कळवळून म्हणत, "अरे बाबा, गप्प बस ना रे जरा!" मी मुद्दाम करत नव्हतो, पण सांगणार कसे?

मग जूनच्या शेवटी खाली कार्यालयात एक लग्न लागले. नवरामुलगा दाराशी आला आणि बँड सुरू झाला. त्या आवाजाने मी नखशिखांत हादरलो. वर्गातली मुले फरशीला हात लावून बसली. आणि जया? ती हसली. मोठ्याने, घशातून, थांबायचे नाव नाही. तिने दोन्ही हातांनी मला छातीशी घट्ट धरले. बाहेर काहीतरी वाजते आहे आणि ते या डब्यातून आपल्यापर्यंत येते, हे तिला त्या दिवशी उमगले. सुगंधाबाईही हसत होत्या आणि मधेच नाक ओढत होत्या. मला वाटले, त्यांना सर्दी झाली आहे.

तिथून खरे काम सुरू झाले. बाई जयाच्या हातात एक मणी देत आणि तिच्या पाठीमागे जाऊन डफ वाजवत. डफ ऐकू आला की मणी वाटीत टाकायचा, एवढाच खेळ. जुलैभर एकही मणी वेळेवर पडला नाही. गणपतीच्या आधी दहांतले तीन पडू लागले, नंतर सात. नवरात्रात एका सकाळी बाई तिच्या मागे उभ्या राहून नुसत्या म्हणाल्या, "जयाऽ." लुगड्याची खसखस झाली. जयाने मान वळवली होती. बाई धावत सरांकडे गेल्या, त्यांच्या चपलांचा फटफटाट मी ऐकला. विद्याधर सर तसे कोरडे, पण त्यांनी ही गोष्ट वहीत तारीख घालून लिहून ठेवली. मुलीला शब्द मिळण्याची वाट उघडली, असे ते म्हणाले.

आणि नेमका दसरा आला.

मित्रांनो, दसऱ्याला आपल्याकडे हत्यारांची, यंत्रांची पूजा करतात हे तुम्हांला ठाऊकच आहे. जयाच्या घरी पाटावर मासळी कापायचा कोयता होता, मालनचा वजनकाटा होता, ट्रान्झिस्टर होता. बोटीच्या इंजिनाची पूजा जयवंत खाडीवर करून आला होता. शेवटी मालनने जयाच्या छातीवरून मला काढले आणि त्या सगळ्यांच्या मधोमध ठेवले. बंद मशीनची कसली पूजा, म्हणून मला चालूच ठेवले होते. मला फार धन्य वाटले. तिचे शब्द मला अजून पाठ आहेत.

"आई गं, माझे पोरीला ऐकू येव दे. बाकी काय नको मना."

मग थंडगार, ओलसर असे काहीतरी माझ्या तोंडावर लागले. तोंडावर म्हणजे, जिथून मी ऐकतो त्या बारीक जाळीवर. एक बोट हळदीचे आणि एक बोट कुंकवाचे, चांगले दाबून, मनापासून लावलेले. आवाज एकदम लांब गेले. मग नाहीसे झाले.

मला वाटले, पूजा संपली, सगळे शांत झाले. मी वाट बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी शाळेत पाठवण्याआधी मालनने मला ओल्या फडक्याने लख्ख पुसले असणार. वरून कोणाला काही दिसत नव्हते. पण जाळीच्या आत हळद-कुंकू भरून वाळून घट्ट झाले होते. हे मी आज सांगतो आहे. तेव्हा मला त्यातले काहीही ठाऊक नव्हते. मला इतकेच कळत होते की माझ्याशी कोणी बोलत नाही. डफ नाही, पंखा नाही, लुगड्याची खसखससुद्धा नाही. छातीची धडधड तेवढी अंगाला कळे. मी स्वतःशी नाना तर्क केले. सुटी लागली असेल. सगळे जयावर रुसले असतील. माझ्यावर रुसले असतील. मीच ठप्प झालो आहे, हा साधा विचार माझ्या मनाला शिवला नाही. ज्याचे काम ऐकण्याचे, त्याला आपण बहिरे झालो हे सुचेल तरी कसे?

आता यापुढच्या दोन महिन्यांचे जे सांगतो ते माझे ऐकलेले नाही. सुगंधाबाईंनी ते नंतर इतक्यांदा सांगितले आहे की मला तोंडपाठ झाले आहे.

रोज सकाळी त्या माझा सेल तपासत. सेल ठणठणीत असे. मग जयासमोर बसून विचारत, "आवाज येतो का?" जया मान डोलवायची. मोठ्या माणसाने आपल्याकडे बघून तोंड हलवले की मान डोलवायची, म्हणजे माणूस खूश होतो, एवढे तिला कळले होते. वर मी आता शिट्टीही मारत नव्हतो. "चला, बटण नीट बसायला लागलं एकदाचं," असे बाई म्हणाल्या आणि त्यांना बरे वाटले.

पण मणी काही वाटीत पडेना. कधी पडे तो भलत्याच वेळी. जया समोरच्या मुलांचे चेहरे बघून अंदाजाने मणी टाकी, आणि तो कधी बरोबर येई, त्यामुळे बाईंचा गोंधळ आणखी वाढे. हिला येते आहे की येत नाही? ही मुद्दाम करते का? त्यांनी मोठा ढोल आणला. चिक्कीचे आमिष दाखवले. रात्र रात्र कोर्सच्या वह्या चाळल्या. मागून "जया, जया" अशी हाक मारून त्यांचा घसा बसला. एका दिवशी संतापून त्यांनी जयाच्या हातावर चापटी मारली. गोष्ट सांगताना बाई हा भाग कधीही गाळत नाहीत. त्या दिवशीची धडधड मला आठवते. काळीज इतके जोरात का उडते आहे, ते मला कळले नव्हते.

डिसेंबरात विद्याधर सरांनी बाईंना बोलावले. सोमवारी कानांचे डॉक्टर येणार होते आणि कोणती मुले शाळेत ठेवायची ते ठरणार होते.

"यंत्रं आठ, आणि यादीत अकरा मुलं थांबली आहेत," सर म्हणाले. "जयाबद्दल तुमचं मत लिहून द्या. स्पष्ट लिहा."

बाईंनी आपल्या नोकरीतला तो पहिला अहवाल लिहिला. 'मुलीला यंत्राचा उपयोग होत नाही. सुरुवातीची प्रगती योगायोगाने असावी. बुद्धीही कमी वाटते. दुसऱ्या शाळेत पाठवावे.' चार ओळी लिहायला त्यांना दोन दिवस लागले.

ती दुसरी शाळा घाटकोपरला. शनिवारी दुपारी मालन न्यायला आली तेव्हा बाईंनी तिला सांगितले. मालन पाटी टेकून उभी राहिली.

"घाटकोपरला कोन नेल तिला? मी धंदा टाकून जाऊ? ऱ्हाऊ दे बाय. बसल घरान. बोंबील सुकत घालाला शिकल."

ती भांडली नाही. भांडली असती तर बरे झाले असते, असे बाई म्हणतात. तिने जयाच्या छातीवरून मला सोडले, पिशवी झटकली, माझी वायर नीट गुंडाळली आणि मला बाईंच्या हातात दिले. जया तिथेच उभी होती. काय चालले आहे ते तिला कळले नाही, आणि तिने मान डोलावली.

मला कपाटात ठेवायचे होते. पण बाईंनी मला पर्समध्ये टाकले. सोमवारपर्यंत मी कोणाचाच नव्हतो, आणि घरी बापाचे कान गेलेले. एक रविवार त्यांना लावून बघू, असा विचार त्यांच्या मनात आला. हे नियमाला धरून नव्हते. पण त्यामुळेच पुढचे सगळे झाले.

रविवारी सकाळी बाईंनी वडिलांच्या खिशात मला ठेवले, बटण त्यांच्या कानाशी धरले आणि ओरडल्या, "बाबा, ऐकू येतं का?"

"माका काय्येक ऐकाक येणा नाय," दत्ताराम म्हणाले.

बाईंनी आवाजाचे चाक पूर्ण फिरवले. तरी नाही. "जाऊ दे बाबा," त्या म्हणाल्या, "तुमचे कान फारच गेले आहेत."

त्यावर दत्ताराम चिडले. "माझो कान गेलो हा, ता माका ठाव आसा. तुझो बरो आसा मां? मगे तू लावन बघ!"

सुगंधाबाईंनी बटण स्वतःच्या कानाला लावले. स्टोव्ह पेटलेला होता, शेजारी नळावर भांडण चालले होते, बाप पुढ्यात बसून ओरडत होता. आणि बटणातून काहीही येत नव्हते. त्यांनी मला हलवले, सेल बदलला, पुन्हा लावले. काही नाही. साडेपाच महिने रोज सकाळी त्यांनी मला हातात घेतले होते. कानाला मात्र पहिल्यांदाच लावले.

दत्तारामांनी चष्मा चढवला आणि मला खिडकीशी नेले. "ह्या लाल काय गो, भोकांनी?"

तुटलेला धागा मागाच्या फणीतून ओवण्यात ज्यांचा जन्म गेला, अशी ती बोटे. त्यांनी सुई घेतली आणि जाळीतले एकेक भोक मोकळे केले. वाळलेले कुंकू कणाकणाने कागदावर पडले.

आणि मित्रांनो, मला एकदम स्टोव्ह ऐकू आला! फुर्रर्र असा तो आवाज माझ्यावर कोसळला. त्याच्या मागून बटण कानाशी धरलेल्या दत्तारामांची आरोळी आली, "अगो, स्टो वाजता मां! ऐकाक येता!" मला वाटले, दसऱ्याची पूजा आत्ता कुठे संपली. पण मालनचा आवाज नव्हता. खसखस नव्हती. धडधड नव्हती. मी कोणाच्या घरी आहे, जया कुठे आहे, मला काही समजेना. आणि कोणीतरी रडत होते. या वेळी मला ती सर्दी वाटली नाही.

सोमवारी सरांच्या खोलीत डॉक्टरांसमोर बाईंनी मला टेबलावर ठेवले. मी चालू होतो, म्हणून हे सगळे मी स्वतः ऐकले आहे.

"सर, माझा अहवाल चुकला आहे. यंत्र बंद होतं. दोन महिने."

"रोज सकाळी तपासत होतात ते काय होतं मग?"

"सेल तपासत होते. ऐकून बघत नव्हते."

मग सर म्हणाले, "तुमची नेमणूक तात्पुरती आहे. हे असं सांगितल्यावर काय होऊ शकतं, ठाऊक आहे ना?"

"आहे, सर."

"यंत्र दुरुस्त झालं होतं. गुपचूप तिला परत लावलं असतंत तर कोणाला कळलं नसतं."

"म्हणूनच सांगते आहे, सर."

त्यावर सरांनी उरलेली सातही यंत्रे मागवली आणि प्रत्येकाचे बटण स्वतःच्या कानाला लावून पाहिले. आणखी दोन मुकी निघाली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "सेल तपासा म्हणून मीच सांगितलं होतं," सर म्हणाले. "ऐकून बघा हे मलाही कधी सुचलं नाही." बाईंनी तिथेच बसून दुसरा अहवाल लिहिला. त्यात 'चूक शिक्षिकेची' असे लिहिले. सरांनी खाली 'आणि मुख्याध्यापकांची' असे लिहून सही केली. पहिला अहवाल त्यांनी फाडला नाही. दोन्ही कागद एकत्र टाचून ठेवले.

त्याच दुपारी बाई मला घेऊन चारकोपला निघाल्या. पर्समध्ये घालून नव्हे. त्यांनी मला स्वतःच्या छातीवर बांधले आणि बटण कानात घातले. चारकोपला तेव्हा नव्या वसाहतीची बांधकामे चालली होती. ट्रक, खडी, काँक्रीट कालवायचे यंत्र, पदराची फडफड, सगळे मी एकाच तालात बाईंच्या कानात ओतत गेलो. रस्त्यातली माणसे थांबून विचारत, "काय झालं हो बाई, कमी ऐकू येतं का?" कोळीवाडा येईपर्यंत त्यांचे डोके ठणकत होते. "हे असं ऐकू येतं होय पोरांना?" त्या पुटपुटल्या. "यातून माझा आवाज शोधायचा?"

मालन वाळवणात बोंबील टांगत होती. बाईंनी तिला जाळीतून निघालेले, कागदात बांधून आणलेले कुंकू दाखवले आणि काय झाले ते सांगितले.

"म्हंजे मीच माझे पोरीचे कान बंद केले?"

"नाही हो, ताई."

"बोटीचे मशिनीला लावताव, मंग म्हटला पोरीचे मशिनीला का नको?" तिचा आवाज फुटला. "मी देवीला सांगून लावला, बाय!"

"तुम्ही एकच दिवस लावलंत," सुगंधाबाई म्हणाल्या. "मी रोज बघायला हवं होतं. मी त्यासाठीच होते."

मग त्यांनी मला जयाच्या छातीवर बांधले. ओळखीची खसखस आली, धडधड आली. मला घरी आल्यासारखे वाटले. बाईंनी मला चालू केले आणि विचारले, "आवाज येतो का?" जयाने मान डोलावली. त्यांच्या मनात काय आले कोणास ठाऊक, त्यांनी मला बंद केले आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. जयाने पुन्हा तशीच मान डोलावली. तेव्हा बाईंना सगळे लख्ख कळले. साडेपाच महिने रोज सकाळी या मुलीने त्यांना उत्तर दिलेच नव्हते. उत्तर द्यायचे असते, 'नाही' असेही म्हणता येते, हे तिला कोणी शिकवले नव्हते.

बाई तिथेच वाळूत बसल्या. मला चालू करून बटण स्वतःच्या कानाला लावले, हसून मान डोलावली. बंद करून लावले, तोंड वाकडे केले, जोरात मान हलवली, नाही! मग मालनला लावायला दिले. मालननेही तसेच केले, नाही! मग जया. चालू, बंद, चालू, बंद. मला मधले मधले तुकडेच ऐकू येत होते. कितीदा चालले ठाऊक नाही. एकदा मला बंद केले ते जरा जास्तच वेळ, आणि चालू झालो तर कोळीवाडा भरून हसण्याचा आवाज! मालन हसत होती, रडत होती, शेजारणी विचारत होत्या काय झाले. जयाने मान हलवून 'नाही' म्हटले होते. ज्या क्षणासाठी एवढे सगळे झाले, त्या क्षणी मी बंद होतो. माझे नशीब हे असे.

जया शाळेत राहिली. मणी वाटीत पुन्हा पडू लागले, पण लगेच नाही. गमावलेले दोन महिने भरून यायला चार महिने लागले. नंतरच्या जूनमधली एक सकाळ मात्र मी स्वतः ऐकली आहे. माझी वायर आतून तुटली होती. मला सगळे ऐकू येत होते, पण पुढे जात नव्हते. बाईंनी मला कानाला लावायला हात पुढे केला, तोच जयाने त्यांचा हात धरला आणि घशातून, वेडावाकडा, पण अगदी मोठा असा एक आवाज काढला.

"नाय!"

तिचा तो पहिला शब्द. तो तिच्या कानापर्यंत पोचलाच नाही, कारण वायर तुटलेली. पण मी तो ऐकला.

आता मला कोणा मुलाला लावत नाहीत. जयाला कानामागे लावायचे नवे यंत्र मिळाले आहे. सुगंधाबाई कायम झाल्या आहेत, त्यांचा आवाज आता घाबरत नाही. दर जूनला नव्या बाई कामावर येतात, बावीस-तेवीस वर्षांच्या, "कुठून सुरुवात करू?" असे विचारत. तेव्हा मला खणातून बाहेर काढतात, सेल घालतात, सुगंधाबाई नव्या बाईंना ही गोष्ट सांगतात, आणि हे सगळे मला पुन्हा ऐकायला मिळते. एरवी मी खणात असतो आणि बाहेर काय चालले आहे याचा मला पत्ता नसतो.

मित्रांनो, माझ्यासारखा डबा तुमच्या घरात, तुमच्या वर्गात कोणाच्या छातीवर असेल तर त्याला पाणी लागू देऊ नका, जाळी स्वच्छ ठेवा, पूजा करायची तर लांबून फूल वाहा. रोज सकाळी बटण आधी स्वतःच्या कानाला लावा. आणि एखादे मूल तुमच्या तोंडावर 'नाही' म्हणाले, तर त्याच्यावर डोळे वटारू नका. तेवढा एक शब्द यायला आम्हा तिघांना पुरे वर्ष लागले होते.